भुतांचा गणवेश

चंदीगडच्या ईशान्य बाजूस, सुखना तलाव मागे टाकून किशनगढच्या रोखाने निघाले म्हणजे ‘आयटी पार्क’ नावाची वसाहत लागते. काचेच्या भिंतींच्या उंच इमारती, त्यांत रात्रभर जळणारे दिवे आणि मागे शिवालिकच्या काळ्या रांगा असे तेथील दृश्य आहे. हवा स्वच्छ असली तर डोंगरमाथ्यावर कसौलीचे दिवे दिसतात. माझे बिऱ्हाड ह्या वसाहतीपासून जवळच आहे. सायंकाळी कचेरीतून परतल्यावर तिकडे एक फेरी मारावी, टपरीवर चहा घ्यावा आणि घरी यावे, असा माझा नेम आहे. बदलीच्या नोकरीत असे लहानसहान नेमच माणसाला गावाशी बांधून ठेवतात, हे वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊकच असेल.

गेल्या हिवाळ्यात दाट धुके पडलेल्या एका संध्याकाळी ह्या टपरीवर काही तरुण अभियंते भ्रमणध्वनीवर एक जुनी भयमालिका पाहत होते. ती पाहून ते हसत होते. पडद्यावर पांढऱ्या साडीतील, केस मोकळे सोडलेली एक स्त्री जिन्यावरून उतरत होती. मालिका मी ओळखली. आठ-नऊ वर्षांचा असताना तिच्या शीर्षकसंगीताचा पहिला सूर ऐकताच मी गोधडीत तोंड खुपसत असे. माझ्यासमवेत कचेरीतील तिघे सहकारी होते. एक पतियाळ्याकडचे, एक केरळी आणि एक बंगाली. सहज म्हणून मी विचारले, “तुमच्या मुलुखात भूत कसे असते?” तिघांचे उत्तर जवळजवळ एकच आले. पांढरी साडी, मोकळे केस, पैंजणांचा आवाज आणि ओसाड हवेली. मग मी प्रश्न बदलला. “तुमच्या आजीच्या गोष्टीतले भूत कसे होते?” आता मात्र तिघेही क्षणभर थांबले, आणि तीन निरनिराळी भुते त्या धुक्यात येऊन उभी राहिली.

पंजाबी गृहस्थांच्या आजीचा ‘छलेडा’ होता. तो रात्रीच्या वाटसरूपुढे क्षणात बकरा, क्षणात माणूस अशी रूपे पालटून त्याला वाट चुकवी. केरळी सहकाऱ्याची ‘यक्षी’ ताडाच्या झाडावर राहणारी, वाटसरूकडे विड्यासाठी चुना मागणारी. बंगाली तरुणाच्या आजीकडे तर भुतांची मोठीच खानेसुमारी होती. मासळी घेऊन जाणाऱ्याच्या मागे लागणारे ‘मेछो भूत’, रात्री नाव घेऊन हाक मारणारी ‘निशी’ आणि बेलाच्या झाडावरचा ‘ब्रह्मदैत्य’. ह्या भुतांना आपापली झाडे होती, आवडीनिवडी होत्या, नियम होते. दूरचित्रवाणीच्या भुताला ह्यांपैकी काहीच नव्हते. त्याला होता तो एक गणवेश. अवघ्या तीस-चाळीस वर्षांत चार प्रांतांतील मुलांच्या मनातील भुते एका गणवेशात कशी आली, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून माझ्या मनात घोळत राहिला. त्याचा इतिहास शोधू लागलो तेव्हा वाट वाईच्या एका गल्लीत येऊन थांबली, आणि तेथे माझेच एक जुने खाते उघडे असलेले दिसले.

प्रथम आपल्या मराठी भुतांविषयी. माझे बालपण वाईस, कृष्णेच्या घाटालगत गेले. आजीच्या भूतविद्येत प्रत्येक भुताचे ठिकाण ठरलेले होते. मुंजा हा मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. त्याची जागा पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात राही आणि पोहणाऱ्याचा पाय ओढी. चकवा रानात वाट चुकवी आणि माणूस रात्रभर फिरून पहाटे पुन्हा त्याच झाडाखाली येई. समंध, हडळ, जखीण ह्या प्रत्येकाच्या मागे एक अपुरे राहिलेले आयुष्य होते. कोणाचे लग्न राहिले, कोणाचे बाळंतपण जिवावर बेतले, कोणाच्या मागे पिंड द्यायला कोणी उरले नाही. भूत म्हणजे समाजाकडून देणे राहिलेले माणूस, अशीच जणू ह्या साऱ्यांची व्याख्या होती. वेताळ हा तर भुतांचा राजा. सिंधुदुर्गातील आरवलीस वेतोबा म्हणून तो ग्रामदैवत होऊन बसला आहे आणि भक्त त्याला केळ्यांचे घड व चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. आपली ‘जखीण’ आणि केरळातील ‘यक्षी’ ह्या एकाच ‘यक्षिणी’ शब्दाच्या लेकी आहेत, हे लक्षात आले म्हणजे प्रांतोप्रांतीची भुते परस्परांची नातलग असूनही आपापले घर सांभाळून होती, असे दिसते.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. आपल्या देशात ती आली ती करमणुकीसाठी नव्हे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, ते आठवड्यातून दोनदाच असे. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. ह्या माध्यमाकडे पाहण्याची खरी दृष्टी डॉ. विक्रम साराभाईंची होती. उपग्रहाच्या द्वारे शेती, आरोग्य आणि शिक्षण थेट खेड्यात न्यावे, हे त्यांचे स्वप्न. ते स्वतः १९७१ च्या अखेरीस निवर्तले, परंतु १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत तो प्रयोग झाला. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. योगायोग असा, की १९७६ सालच्याच ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात आले. म्हणजे एकाच वर्षी सरकारने कर्तव्य कागदावर लिहिले आणि ते खेड्यापर्यंत नेणारे यंत्रही चालवून पाहिले.

आमच्या वाईला चित्र येई ते सिंहगडावरील मनोऱ्यावरून. गाव डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे ॲन्टेना उंच लावावी लागे. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आणला तो एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास. त्या काळी टीव्हीला परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. तेव्हा इतरांचे परवाने नोंदविण्यात आयुष्य गेलेल्या ह्या गृहस्थांनी स्वतःचाही एक परवाना काढला, असे थोरले लोक थट्टेने म्हणत. पुढे १९८५ च्या सुमारास हे परवाने रद्द झाले. टीव्ही कृष्णधवल, लाकडी शटरचा. त्यावर पोस्टमास्तरीणकाकूंनी स्वतः क्रोशाने विणलेले पांढरे झाकण. ह्या दांपत्याला मूलबाळ नव्हते आणि रविवारी सकाळी गल्लीतील सारी मुले त्यांच्या बैठकीच्या खोलीत जमत.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. हे सारे मला सांगितले ते माझ्या थोरल्या चुलतभावाने. त्याच्या पिढीने त्या खोलीत ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका पाहिली. त्यातला मुलगा मनगटातील घड्याळात बोलून एका अजस्र यंत्रमानवाला आज्ञा देई. घाटावर खेळताना सारी मुले मनगट तोंडाशी नेऊन आज्ञा सोडीत. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिकाही रविवारी सकाळी लागे. तिचे इंग्रजी कोणालाच कळत नसे. पोस्टमास्तर एकेका वाक्याचा मराठी सारांश मोठ्याने सांगत आणि दादा म्हणे, की त्यांतले निम्मे ते मनचेच घालीत. दहा-पाच मिनिटांनी पडद्यावर मुंग्या दिसू लागत. मग एकजण गच्चीवर जाऊन ॲन्टेना फिरवी, दुसरा खिडकीतून ओरडे, “आले! गेले! थोडे मागे!” आणि काकू तेवढ्यात सर्वांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवीत. १९८५ साली ‘विक्रम और बेताल’ आली तेव्हा तर पालकही येऊ लागले. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तून आलेला तो वेताळ राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगे आणि शेवटी प्रश्न विचारी. प्रश्नावर पोस्टमास्तर हात वर करून सर्वांना थांबवीत. राजाने उत्तर देण्यापूर्वी मुलांनी उत्तर द्यावे, हा त्यांचा दंडक होता. भूत होते, पण विचार करावयास लावणारे होते. शिवाय भीती वाटली तर शेजारी वीस मुले बसलेली असत.

ह्याच सुमारास सरकारचा वेग वाढला. १९८३ साली ‘इन्सॅट-१ बी’ अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये तर काही महिने देशात सरासरीने दररोज एक प्रक्षेपण केंद्र उभे राहत होते. ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’ ह्या भारतीय विज्ञानमालिका ह्या दशकाच्या अखेरीच्या. यानांचे पुठ्ठे ओळखू येत, तरी कल्पना आपली होती. पोस्टमास्तर १९९० साली वारले. काकू एकट्या राहिल्या. काही काळ मुले तरीही त्यांच्याकडे जात राहिली.

मग केबल आली. १९९१ च्या आखाती युद्धाने परदेशी वाहिन्या शहरांत शिरल्या होत्याच. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीतही गच्च्यांवरून काळी तार फिरली. ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही आला. काकूंच्या बैठकीत कोणी जाईनासे झाले. कोणी ठरवून केले नाही, भांडणही झाले नाही. गरज संपली, एवढेच.

१९९३ साली झी टीव्हीवर ‘द झी हॉरर शो’ सुरू झाला. तो करणारे रामसे बंधू हे हिंदी चित्रपटसृष्टीतील एक विलक्षण कुटुंब. फाळणीपूर्वी त्यांच्या वडिलांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. मूळ आडनाव रामसिंघानी, ते इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी रामसे झाले. १९४७ नंतर कुटुंब मुंबईस आले. १९७२ सालच्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ ह्या चित्रपटासाठी ते मोजकी माणसे घेऊन महाबळेश्वरला गेले आणि तेथील सरकारी विश्रामगृहात चित्रण केले. आपल्यासारख्या दौऱ्यावर जाणाऱ्यांना सरकारी विश्रामगृहात भूत दिसण्यासाठी चित्रपट काढावा लागत नाही, ही गोष्ट वेगळी! पण महाबळेश्वर हे आमच्या वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की आलेच. आमच्या घाटमाथ्यावरून निघालेले भूत मुंबईस जाऊन, वीस वर्षांनी उपग्रहामार्गे आमच्याच घरात उतरले, असे म्हणावयास हरकत नाही. ५ ऑक्टोबर १९९५ पासून सोनी वाहिनीवर बी. पी. सिंग ह्यांची ‘आहट’ सुरू झाली. आमच्या पिढीची झोप ह्या दोन मालिकांनी वाटून घेतली.

तथापि पांढरी साडी रामशांची नव्हे. ती त्याहून जुनी आहे. मराठी परंपरेत तर सोवळ्या विधवेचे आलवणही तांबडे असे, पांढरे नव्हे. भुताची पांढरी साडी रुळली ती मुख्यतः १९६० नंतरच्या चित्रपटांतून. १९६२ चा ‘बीस साल बाद’ आणि १९६४ चा ‘वह कौन थी?’ ही त्याची ठळक उदाहरणे. १९६४ सालीच मल्याळम भाषेत बशीर ह्यांच्या कथेवरून ‘भार्गवी निलयम्’ आला आणि तिकडेही हाच वेष रूढ झाला. परंतु एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यावी. ‘बीस साल बाद’ आणि ‘वह कौन थी?’ ह्या दोन्ही हिंदी चित्रपटांच्या शेवटी भूत नसते. त्यापूर्वीच्या, १९४९ सालच्या ‘महल’मध्येही नव्हते. ते कोणा जिवंत माणसाने उभे केलेले सोंग असते आणि शेवटच्या रिळात त्याचा उलगडा होतो. म्हणजे पांढरी साडी हा मुळात भुताचा वेष नव्हता, जिवंत स्त्रीने घेतलेला वेष होता. दूरचित्रवाणीवर आली तेव्हा साडी तेवढी राहिली, उलगडा बहुधा गळून पडला. आणि पडद्याबाहेर, आमच्या गल्लीत, ह्याच गणिताची बाजू उलटली. चित्रपटात भूत वाटणारी बाई शेवटी माणूस ठरे. आमच्याकडे माणूस असलेली बाई भूत ठरली.

पोस्टमास्तरीणकाकू पांढरे, बारीक काठाचे पातळ नेसत. पहाटे घाटावर स्नान करून ओले, मोकळे केस पाठीवर टाकून तांब्याचा कलश हाती घेऊन परतत. वर्षानुवर्षे हे दृश्य सर्वांच्या नजरेखालचे होते आणि त्यात कोणाला काही वावगे दिसले नव्हते. १९९७ च्या पावसाळ्यात मी नऊ वर्षांचा होतो. तोवर गल्लीतील मुलांनी त्यांना पाहिल्यावर मालिकेचे शीर्षकसंगीत तोंडाने वाजवावयास आरंभ केला होता. त्या थांबून हसत. आम्ही आवाज कशाचा करतो, हे त्यांना कळत नसावे. त्यांच्याकडे केबल नव्हती.

एका सायंकाळी वीज गेली. पाऊस कोसळत होता आणि आम्ही चार-पाच मुले त्यांच्या ओट्याच्या वळचणीला उभे होतो. दार उघडले. हातात कंदील घेऊन काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, “आत या रे बाळांनो, वीज येईपर्यंत बसा. लाडू आहेत.” ह्याच दारातून माझा दादा शेकडो वेळा आत गेला होता. आम्ही किंचाळलो. कोणीतरी दगड उचलला. तो कोणीतरी मीच. कंदिलाची काच फुटली आणि आम्ही चिखलातून पळत सुटलो.

रात्री मला ताप भरला. काय झाले, असे घरच्यांनी विचारले तेव्हा दगडाचे सांगण्याचे धैर्य नव्हते. मी म्हणालो, “काकूंचे पाय उलटे दिसले.” मालिकेत पाहिलेले वाक्य होते ते. ताप दोन दिवसांत उतरला, परंतु वाक्य गल्लीत राहिले. गल्लीत पदवीधर होते, शिक्षक होते. कोणी त्या वाक्यावर विश्वास ठेवला असे नाही. तरी कोणी त्यांच्याकडून विरजण आणणे बंद केले, कोणी मुलांना “तिकडे फार जाऊ नका” म्हटले. काकूंनी कंदिलाविषयी कोणाकडेही तक्रार केली नाही.

घरात एकट्या आजीने माझे बोलणे उडवून लावले. आमच्या घरातील भुतांची जाणकार तीच, म्हणून मला तिच्याकडून पाठिंब्याची खात्री होती. ती म्हणाली, “अरे, मी रोज घाटावर तिचे पाय पाहते. पाण्याने भेगाळलेत बिचारीचे. आणि जिती बाई हडळ कशी होईल? आधी मरावे लागते.” मला त्या वेळी हे उत्तर हास्यास्पद वाटले. आज वाटते, की त्या घरातील सर्वांत शास्त्रशुद्ध विधान तेच होते. आजीचा भुतांवर विश्वास होता, पण तिच्या भुतांना नियम होते आणि नियमात न बसणाऱ्या माणसाला ते भूत ठरवू देत नव्हते. माझा भुतांवर विश्वास धडपणे नव्हताही. माझ्यापाशी फक्त एक चेहरा होता, आणि तो कोणालाही चिकटविता येत होता.

ह्यावरून जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांचे हाल करण्याची प्रथा दूरचित्रवाणीच्या फार आधीची आहे. आजीसारखी माणसे होती तशी डाकीण ठरविणारीही होती. दूरचित्रवाणीने क्रौर्य नव्याने निर्माण केले नाही. तिने त्याला एक सोयीचे, सर्वांच्या ओळखीचे चित्र पुरविले आणि ते चित्र जिथे पूर्वी नव्हते तिथेही नेले.

मग प्रश्न पडतो, की ज्या विज्ञानासाठी हे यंत्र आणले, त्याने आम्हांला का वाचविले नाही? आम्हीही विज्ञानमालिका पाहत होतोच. १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. मिलिंद सोमण त्यात बाविसाव्या शतकातील अंतराळवीर झाले होते. त्याच्या वर्षभर आधी आलेला ‘शक्तिमान’ तर घरोघरचा नातलग होता. ह्या मालिका आम्हांला मनापासून आवडत. परंतु त्यांतले विज्ञान फार दूर होते. ते ग्रहांवर होते, चकचकीत पोशाखांत होते. भूत मात्र शेजारच्या घरात होते. व्योम विश्व वाचवी. गल्लीतल्या अंधारात काय दिसले ह्याची शहानिशा करणे, हे त्याच्या कार्यकक्षेत येत नव्हते.

तसे करून दाखविणारी माणसे महाराष्ट्रातच होती, हे मला उशिरा उमजले. डॉ. जयंत नारळीकर हे जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली विज्ञानकथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नावाने. आपल्या मोठ्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव. कथेला पारितोषिक मिळाले. १९७९ सालच्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘यक्षांची देणगी’. जुना यक्ष त्यांनी हाकलून दिला नाही, त्याला नव्या प्रश्नाशी जोडले. दुसरे डॉ. नरेंद्र दाभोलकर, आमच्या साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापिली. तिचे कार्यकर्ते शाळांतून चमत्कारांची प्रात्यक्षिके करीत. आमच्याही शाळेत एकांनी नारळावर पाणी शिंपडून तो पेटविला आणि लगेच त्यातील रसायन उघड करून सांगितले. उलगडा करून दाखविणारे ते शेवटचे रीळ होते. ते आम्हांला वर्षातून एक तास मिळाले, आणि मालिका दर आठवड्यास.

२००८ साली ह्या दोघांनी मिळून फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून, कोणती पत्रिका कोणाची हे ज्योतिषांना ओळखावयास सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडविले असते तरी ह्याहून वाईट निकाल लागला नसता. येथे कोणाची निंदा नाही, आरडाओरड नाही. फक्त मोजून पाहणे आहे. माझ्या गल्लीला हेच हवे होते. कोणीतरी सकाळी घाटावर जाऊन काकूंचे पाय पाहावयास हवे होते. आजी ते रोज पाहत होती, पण तिला कोणी विचारले नाही.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते अशी आवई उठवून तिला त्रास देणे, तिचे जगणे कठीण करणे, हा त्यानुसार गुन्हा आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. कारकुनाच्या सवयीने मी दूरचित्रवाणीसंबंधीचे नियमही चाळले. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४, ह्यांतील नियम ६ मध्ये अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये, तसेच मुलांना अयोग्य कार्यक्रम मुले मोठ्या संख्येने पाहत असतील त्या वेळी लावू नयेत, असे स्वच्छ लिहिलेले आहे. नियम चांगला आहे. १९९७ च्या पावसाळ्यातही तो अमलात होता. फाइलीतील नियम आणि ओट्यावरचे मूल ह्यांमधील अंतर किती असते, हे आपणांपैकी कोणाला सांगावयास नको.

पोस्टमास्तरीणकाकू १९९९ साली घराला कुलूप लावून पुण्याला पुतण्याकडे गेल्या आणि तेथेच काही वर्षांनी वारल्या. आमच्यामुळेच गेल्या असे म्हणणे कदाचित मी स्वतःला फार महत्त्व देणे होईल. वय झाले होते, घर गळत होते. जाताना त्यांनी आजीला टीव्हीवरचे ते विणलेले झाकण दिले. दोघी ओट्यावर बराच वेळ बसल्या होत्या. मी माडीच्या खिडकीतून पाहत होतो, खाली गेलो नाही.

कसौलीच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा आहे. एके काळी चंदीगडच्या गच्च्यांवरील ॲन्टेना त्याच्याकडे तोंड करून उभ्या असत, जशा आमच्या सिंहगडाकडे. तसली बहुतेक जुनी प्रक्षेपणे दूरदर्शनने २०२२ पर्यंत देशभर बंद केली. आता प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे आणि भीतीही ज्याची त्याने एकट्याने पाहावयाची आहे. टपरीवरची मुले हसत होती ती चौघे एकत्र होती म्हणूनही असेल.

वाचकांस एक विनंती करावीशी वाटते. आपण कोणी रांचीला असाल, कोणी गुवाहाटीला, कोणी मदुराईला. तेथील एखाद्या वृद्धेस तिच्या लहानपणीचे भूत कसे होते हे विचारा आणि दोन ओळी टिपून ठेवा. त्या भुताला कोणते झाड होते, त्याचे काय देणे राहिले होते, हेही विचारा. सांगणारी माणसे फार उरलेली नाहीत.

आजी गेल्यावर ते झाकण माझ्याकडे आले. बदल्यांच्या सामानात ते चंदीगडपर्यंत आले आहे. परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ट्रंकेतून ते काढले आणि हे कशावर घालतात, असे विचारले. टीव्हीलाही झाकण घालीत, हे तिला पटेना. मग तिला सारी गोष्ट सांगितली. रोबोची, वेताळाची, कंदिलाची आणि उलट्या पायांचीही. भुताच्या भागाला ती मुळीच भ्याली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, “मग बाबा, तू त्यांची माफी मागितलीस का?”

मी नाही म्हणालो. तिने झाकणाची नीट घडी केली आणि जेथून काढले होते तेथे परत ठेवून दिले.